आधी डोकं, मग खांदा: कबड्डी-कुस्तीच्या पोरांना रग्बीचा टॅकल शिकवताना

सांगलीत रग्बी शिकायला येणारा पोरगा कोरी पाटी घेऊन येत नाही. कुणी गल्लीतल्या मंडळाकडून कबड्डीत कोपरा सांभाळलेला असतो, कुणाच्या आजोबांनी तालमीत लंगोट लावलेला असतो. हिंदकेसरी मारुती मानेंच्या कवठेपिरानपासून कुंडलच्या कुस्ती मैदानापर्यंत, या मातीतल्या पोराला समोरच्याच्या अंगाला कसं भिडायचं हे सांगावं लागत नाही. टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, करायची त्याला भीती नसते. म्हणूनच त्याला जास्त जपावं लागतं. न भिणारा, पण डोकं चुकीच्या जागी नेणारा पोरगा मैदानावर सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

हे मी उशिरा शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत कबड्डीतून आलेला एक चौदा वर्षांचा डावा कोपरारक्षक माझ्याकडे होता. समोरून आडवा पळणारा गडी बघून त्यानं झेप घेतली आणि त्याचं डोकं नेमकं पळणाऱ्याच्या गुडघ्यापुढे गेलं. तो उठला, पँट झटकली, म्हणाला, "सर, मला कायबी झालं न्हाई." पाच मिनिटांनी त्यानं विचारलं, आपण कुठल्या बाजूला ट्राय (बॉल समोरच्याच्या रेषेपलीकडे टेकवणं) करायचा? सांगितलं. थोड्या वेळानं परत तेच विचारलं. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला लगेच बाहेर बसवलं, डॉक्टरांकडे नेलं, पुढं तो बरा झाला. पण मी त्याला खांदा शिकवला होता, हात आवळायला शिकवलं होतं, पाय मारायला शिकवलं होतं. डोक्याचं मी शेवटी, जाता जाता सांगितलं होतं. त्या दिवसापासून माझा क्रम उलटा झाला.

वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेनं व्यावसायिक सामन्यांतल्या दुखापतींचा अभ्यास केला तेव्हा हेच दिसलं. डोक्याच्या दुखापतींपैकी साधारण तीन चतुर्थांश टॅकलमध्ये होतात, आणि त्यातल्या बहुतेक बॉल घेऊन पळणाऱ्याला न होता टॅकल करणाऱ्याला होतात. म्हणजे टॅकलचं तंत्र शिकवणं हे आधी आपल्याच पोराचं डोकं वाचवणं आहे. सामना जिंकणं त्याच्या मागून येतं.

मैदानात उतरण्याआधी

पहिली गोष्ट जमीन. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये तापून दगड होते, तिला भेगा पडतात. त्या जमिनीवर टॅकल शिकवू नका, मग स्पर्धा कितीही जवळ असो. मैदानावर पाणी मारायची सोय असेल तर आदल्या संध्याकाळी मारा, नाहीतर त्या दिवसांत पासिंग आणि पळणं घ्या. जून-जुलैत जमीन मऊ होते, तेव्हा पडण्याचा सराव करून घ्या.

पण सगळ्यात चांगली जागा आपल्या गावातच असते, ती म्हणजे तालमीतला हौदा. खोदून, भुसभुशीत करून, तेल-ताक-हळद घालून कमावलेल्या तांबड्या मातीसारखी पडायला सुरक्षित जागा पैसे मोजूनही मिळणार नाही. वस्तादांना भेटा, मल्लांची मेहनत संपल्यावरची वेळ मागून घ्या. पोरांनी बाहेर बूट काढायचे, मारुतीला आणि मातीला नमस्कार करायचा, आणि जाताना माती सारखी करून द्यायची. मी विचारायला गेलो तेव्हा वस्ताद आधी बॉल हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले, मग म्हणाले, "हे काय, नारळ हाय व्हय?" आणि परवानगी दिली. पहिले तीन आठवडे आमचा टॅकलचा सगळा सराव अनवाणी, त्या मातीतच होतो.

दुसरी गोष्ट अंगावरच्या वस्तू. हातातलं कडं, गळ्यातला गंडा, चेन, कानातली बाळी, मनगटावरचे दोरे हे सगळं पिशवीत जायला हवं. काही पोरं देवाचा दोरा काढायला तयार नसतात, तेव्हा मी घरच्यांशी बोलतो. तो दोरा बोटात अडकला की बोट निखळतं, हे समजावून सांगितलं की बहुतेक आया स्वतःच काढून ठेवतात. नखं दर आठवड्याला बघा. माउथगार्ड प्रत्येकाचा स्वतःचा हवा. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा साधा माउथगार्ड सुरुवातीला चालतो, पण तो नीट बसलाय का हे तुम्ही स्वतः तपासा. तोंड उघडल्यावर खाली पडणारा माउथगार्ड नसल्यासारखाच. १४ वर्षांखालच्या पोरांना ४ नंबरचा बॉल द्या, मोठा बॉल सांभाळताना त्यांचं पडणं बिघडतं.

टॅकल बॅग महाग असते. आम्ही मार्केट यार्डातून हळदीची रिकामी पोती आणली, एकात एक घालून त्यात जुन्या गाद्यांचा कापूस आणि काथ्या ठासून भरला, तोंड सुतळीनं शिवलं. पोतं खरबरीत असतं, गाल सोलवटतो, म्हणून वरून जुनी चादर शिवून घ्या. अशा पोत्यावर खांद्याची जागा आणि हातांची मिठी शिकता येते. पण पोतं पळत नाही, त्यामुळे आठवड्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका. पोत्यावर तरबेज झालेला आणि माणसापुढे गोंधळणारा पोरगा मी खूप पाहिलाय.

पहिला आठवडा: फक्त पडणं

टॅकल करणारा आणि होणारा दोघेही पडतात, म्हणून दोघांनाही पडता आलं पाहिजे. पडताना हात पुढे टेकायची सवय प्रत्येकाला असते आणि त्यातूनच मनगट आणि कॉलरबोन मोडतात. शिकवायचं असं: हनुवटी छातीकडे, बॉल दोन्ही हातांनी पोटाशी, आणि जमिनीला क्रमानं टेकायचं, आधी नडगीची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग खांद्याची मागची बाजू. आधी बसून, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं, मग चालत. दोन्ही बाजूंनी. तालमीत वाढलेलं पोर हे एका दिवसात करतं, बाकीच्यांना आठवडा लागतो. घाई करू नका.

याच आठवड्यात मानेचं काम सुरू करा. जोडीदारानं कपाळावर तळहात ठेवून हलकेच दाबायचं आणि आपण मान न हलवता विरोध करायचा, मोजून पाच आकडे. मग डोक्याच्या मागून, मग दोन्ही बाजूंनी. मल्लांसारखी मानेवरची कमान नवख्या पोरांना लावू नका, ती वस्तादांच्या नजरेखालीच करायची गोष्ट आहे. जोर आणि सपाट्या मात्र भरपूर घ्या. वॉर्मअपसाठी वर्ल्ड रग्बीचा अ‍ॅक्टिव्हेट हा कार्यक्रम फुकट मिळतो, त्यात मानेचे व्यायामही आहेत. आठवड्यातून तीनदा केला तर उपयोग होतो, कधीमधी केला तर नाही.

डोकं कुठं जाणार

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

दोन पोरं घ्या. एक गुडघ्यावर, हा टॅकल करणारा. दुसरा त्याच्यासमोरून चालत आडवा जाणारा, हातात बॉल. तो माझ्या डावीकडून उजवीकडे चाललाय असं समजा. माझा उजवा खांदा त्याच्या मांडीला लागणार आणि माझं डोकं माझ्या डाव्या बाजूला, म्हणजे त्याच्या पाठीमागे जाणार. माझा उजवा गाल त्याच्या कुल्ल्याला घट्ट चिकटणार. तो उजवीकडून डावीकडे आला तर सगळं उलट: डावा खांदा आणि डावा गाल. पोरांना एकच वाक्य सांगा, "गाल कुल्ल्याला." पहिल्या दिवशी हसतात, पण विसरत नाहीत.

असं का, हे त्यांना डोळ्यांनी दाखवा. चालणाऱ्याला मध्येच थांबवा, टॅकल करणाऱ्याचं डोकं हातानं धरून हळूच पुढच्या बाजूला न्या आणि मग चालणाऱ्याला एक पाऊल टाकायला सांगा. गुडघा थेट कानशिलाजवळ येतो. ते दोघं पडले तर वरचा गडी कुठं पडेल, हेही दाखवा. तो डोक्यावर पडेल. पोरगं एकदम गप्प होतं. मग डोकं मागं न्या, परत पाऊल टाकायला सांगा. गुडघा हवेत जातो, डोकं मोकळं राहतं. ही दोन मिनिटं दहा व्याख्यानांच्या बरोबरीची आहेत.

कुस्तीतल्या पोराची अडचण इथेच येते. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडणं) काढताना मल्ल बहुतेक वेळा डोकं आतल्या बाजूला, समोरच्याच्या बरगडीला टेकवतो. कुस्तीत ते बरोबर आहे. पण रग्बीत गडी आडवा पळत असतो आणि ती आतली बाजू म्हणजे त्याच्या पळण्याची पुढची बाजू होते. वर्षानुवर्षं अंगात मुरलेला डाव तो आपोआप लावतो. अशा पोराला चुकलास म्हणून ओरडू नका. त्याला सांगा, "इथं डोकं बाहेर ठेवून दुहेरी पट काढायचा." ही भाषा त्याच्या शरीराला कळते. माझे सगळ्यात चांगले टॅकल करणारे शेवटी याच पोरांतून तयार झाले, पण प्रत्येकाला डोक्याची बाजू बदलायला दीड-दोन महिने लागले.

डोळे उघडे हवेत. भिडण्याच्या क्षणी डोळे मिटले की मान आपोआप खाली जाते आणि डोक्याचा माथा पुढे येतो. मानेची खरी मोठी दुखापत तिथे होते. मी चालणाऱ्याच्या चड्डीवर खडूनं एक आकडा लिहितो आणि टॅकल झाल्यावर विचारतो, किती होता? उत्तर आलं तर डोळे उघडे होते. पाठ कशी ठेवायची यासाठी मार्केट यार्डातला हमाल आठवायला सांगतो. पोतं उचलताना तो कमरेत वाकत नाही, गुडघ्यात वाकतो, पाठ सपाट आणि नजर वर. टॅकलला हीच ठेवण लागते.

दहापैकी नऊ वेळा, दोन्ही बाजूंनी, डोकं बरोबर जाईपर्यंत त्या पोराला गुडघ्यावरून उठवू नका. पालक विचारतील, महिना झाला, अजून बसूनच खेळताय? विचारू देत.

उभं राहिल्यावर पाय

आता टॅकल करणारा उभा, बॉलवाला चालत. बहुतेक चुकलेले टॅकल हातांनी चुकलेले दिसतात, पण खरं पाय लांब राहिलेले असतात. पाय लांब असला की शरीर झेपावतं, हात पुढे जातात, डोकं खाली जातं. म्हणून नियम: ज्या खांद्यानं लागणार त्याच बाजूचा पाय बॉलवाल्याच्या जवळ पडला पाहिजे, हातभर अंतरात. उजवा खांदा, उजवा पाय.

त्या जागेपर्यंत पोचायचं कसं? लांब असताना जोरात पळा आणि अंतर खा. तीन-चार मीटरवर आलात की पावलं बारीक करा, कुल्ले खाली घ्या, हात छातीसमोर आखडून ठेवा. नजर त्याच्या कमरेवर. डोळे, खांदे, बॉल हे सगळं फसवतं, कंबर फसवत नाही. कबड्डीच्या पोराला हे नवं नाही, चढाईपटूच्या कमरेवर नजर ठेवायला तो आधीच शिकलेला असतो. पण कबड्डीत तो थांबून वाट बघतो, पकड मिळाली की मागं ओढतो. रग्बीत थांबलात की समोरच्याला वेग मिळतो. पुढं जायचं, अंतर आपण मिटवायचं. ही सवय बदलायला मी पाच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब पट्टा आखतो, एका टोकाला बॉलवाला आणि दुसऱ्या टोकाला टॅकलवाला. शिट्टी झाली की दोघंही चालत निघतात. टॅकल कुठल्या रेषेवर झाला ते बघायचं. टॅकलवाल्याच्या बाजूच्या रेषेवर झाला तर पोरगं थांबून राहिलं होतं.

कबड्डीतल्या पोराची घोट्याची पकडही सोडवावी लागते. हातांनी घोटा धरायला झेपावणाऱ्याचा चेहरा बुटाच्या रेषेत जातो. मागून पळणाऱ्याला गाठताना शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे, एरवी नाही.

खांदा, मिठी, पाय

आता बाकीचं भराभर सांगतो, कारण डोकं आणि पाय जागेवर आले की हे आपोआप जमतं. खांद्याचा मांसल भाग मांडीच्या वरच्या भागापासून खालच्या बरगडीपर्यंत कुठेतरी लागला पाहिजे. नियमानुसार खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल करणं धोकादायक ठरतं आणि कार्ड मिळू शकतं, सेव्हन्समध्ये (सात-सात जणांच्या रग्बीत) पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. इंग्लंडमध्ये २०२३ पासून स्थानिक पातळीवर ही रेषा छातीच्या हाडाखाली आणलीय, फ्रान्सनं हौशी खेळाडूंसाठी त्याच्याही आधी कमरेपर्यंत खाली आणली. मी माझ्या पोरांना पहिल्या दिवसापासून कंबर सांगतो. खाली जायची सवय लागलेल्याला वर जायला शिकवावं लागत नाही.

खांदा लागला की दोन्ही हात पायांमागून आवळायचे. हात न आवळता नुसता खांदा मारला तर दंड (पेनल्टी) बसतो. कबड्डीतली धडक इथं चालत नाही. आवळल्यावर पाय थांबवू नका, पाच बारीक पावलं पुढे मारा. उचलून आपटायचं तर मुळीच नाही. कुस्तीतल्या पोराला ढाक मारायचा मोह होतो. समोरचा डोक्यावर किंवा खांद्यावर पडला तर लाल कार्डाची तयारी ठेवावी लागते, आणि त्याच्या मानेचं काय होईल ते वेगळंच.

समोरून सरळ येणाऱ्याचा टॅकल सगळ्यात शेवटी शिकवा, दुसऱ्या महिन्याच्या आधी नाही. इथं डोक्याला मागची बाजू नसते, म्हणून बाजूला, कमरेच्या बाहेर. आणि सरळ रेषेत उभं राहू नका. अर्धं पाऊल बाजूला राहून त्याला एकच बाजू मोकळी ठेवा, म्हणजे समोरून येणाराही थोडा आडवा होतो. जड गड्यासमोर हलक्या पोरानं ताकद लावू नये, खांदा लावून आवळावं आणि त्याच्याच वेगानं वळत त्याला बाजूला पाडावं.

सोडणं

कबड्डीत पकडलेला गडी पंच सांगेपर्यंत सोडायचा नसतो. रग्बीत दोघं जमिनीवर आले की लगेच सोडायचं, बाजूला सरायचं, आणि पायांवर उभं राहिल्याशिवाय बॉलला हात लावायचा नाही. आमच्या पहिल्या वर्षातले निम्म्याहून जास्त दंड इथलेच होते. म्हणून आता गुडघ्यावरच्या सरावातसुद्धा टॅकल तिथे संपत नाही. पडा, टाळी वाजवा, उठा. टाळीसाठी हात सोडावाच लागतो. महिनाभरात टाळी बंद करा, सवय राहते.

कच्चा खांदा

प्रत्येक पोराचा एक खांदा कच्चा असतो, उजव्या हाताच्या पोराचा बहुधा डावा. तो पोरगा उजव्या बाजूनं आलेल्या गड्यालाही उजव्या खांद्यानं गाठायला बघतो आणि डोकं पुढच्या बाजूला जातं. म्हणजे डोक्याची चूक बऱ्याचदा खांद्याच्या कच्चेपणातून येते. सेव्हन्समध्ये तर सात जणांनी पंधरा जणांएवढंच मोठं मैदान राखायचं असतं, गडी दोन्हीकडून येतात. माझ्या वहीत प्रत्येकापुढे दोन रकाने आहेत, डावा आणि उजवा. कच्च्या खांद्याला सरावात दुप्पट वेळा द्या, आणि सुरुवातही त्याच खांद्यानं करा, दमल्यावर नको.

किती करायचं

वर्ल्ड रग्बीनं व्यावसायिक खेळाडूंसाठीसुद्धा पूर्ण जोराच्या भिडण्याचा सराव आठवड्याला १५ मिनिटांवर ठेवायला सांगितलंय. मग आपली शाळकरी पोरं त्यापेक्षा जास्त का करतील? माझ्याकडे आठवड्यातून दोनदा टॅकल होतो, प्रत्येक वेळी वीस मिनिटं, आणि त्यातली फार तर पाच मिनिटं पूर्ण जोरात. उरलेला वेळ चालत किंवा हलक्या पळतीत. वजनानं आणि वयानं जोड्या लावा. मोठा भाऊ आला म्हणून त्याच्यासमोर धाकटा उभा करू नका. दमलेल्या पोराचं डोकं खाली जातं, म्हणून टॅकल सरावाच्या सुरुवातीला, पळवून झाल्यावर नाही.

डोक्याला लागल्यावर

शंका आली की बाहेर. पोरगा काय म्हणतो याला महत्त्व नाही, तो "काय न्हाई" असंच म्हणणार. त्याला विचारा: आत्ता कुठल्या मैदानावर आहोत, मागचा ट्राय कुणी केला, सामना कितव्या अर्ध्यात आहे. अडखळला, चेहरा कोरा झाला, तोल गेला, प्रकाश सहन होईना, तर त्या दिवशी तो परत खेळणार नाही आणि एकटा सायकलवरून घरी जाणार नाही. घरच्यांच्या हाती द्या, रात्री लक्ष ठेवायला सांगा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, वाढती गुंगी, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. मान दुखते म्हणाला तर त्याला हलवू नका, उठवू नका, बॉल तिथंच राहू दे आणि १०८ ला फोन लावा. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं, पळणं, पासिंग. भिडण्याचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि २१ दिवसांच्या आत सामना नाही. जिल्ह्याची फायनल असली तरी नाही.

परत आल्यावर त्याला पूर्ण जोरात टाकू नका. माझ्या त्या कोपरारक्षकाला मी परत हौद्यात, गुडघ्यावर बसवलं. त्याला राग आला होता, त्याच्यापेक्षा लहान पोरं उभ्यानं खेळत होती. समोरून एक जण चालत गेला, यानं डावा खांदा लावला, गाल चिकटवला, दोघं मातीत पडले. याच्या डाव्या गालाला आणि कानाला तांबडी माती लागली होती, कपाळ कोरडं होतं. मी वहीत त्याच्या डाव्या रकान्यात पहिली रेघ मारली.